कानातील अखंड नाद : कारणांचा शोध आणि उपचाराची दिशा

मध्यरात्र उलटून अखेरच्या लोकलगाड्या निघून गेल्या की मुंबईच्या उपनगरांत काही तास शांतता नांदते. अंधेरी आणि घाटकोपर यांसारख्या सदैव गजबजलेल्या स्थानकांचे परिसरही या वेळी निवांत होतात. दिवसभर श्रमलेल्या माणसाला ही शांतता विसाव्याची वाटते. परंतु ज्यांचा खरा त्रास नेमका याच वेळी सुरू होतो, अशीही काही माणसे या वस्तीत आहेत. अंथरुणाला पाठ टेकताच त्यांच्या कानात शीळ वाजू लागते; कोणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कोणाला दूरवर चाललेल्या यंत्राची घरघर. शेजारी निजलेल्या व्यक्तीस मात्र यातील काहीही ऐकू येत नाही. महिनोन् महिने हा प्रकार चालू राहिला म्हणजे झोप उडते, चिडचिड वाढते आणि कामात चित्त लागेनासे होते. 'कानात काही वाजत नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे घरच्यांनी म्हटले की त्रासात आणखी भर पडते.

या विकारास वैद्यकात कर्णनाद असे म्हणतात. बोलीभाषेत त्यालाच कान वाजणे किंवा कानात घूं घूं होणे म्हटले जाते. हे नाव नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील विसाव्या अध्यायात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णशूलाच्या पाठोपाठ कर्णनादाचा आणि त्यानंतर लगेच बाधिर्याचा उल्लेख येतो. कर्णनाद आणि बहिरेपणा यांचे जवळचे नाते आधुनिक शास्त्रानेही मान्य केले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे १४ टक्के लोकांना केव्हा ना केव्हा कर्णनादाचा अनुभव येतो आणि १२ कोटींहून अधिक लोकांना तो तीव्र स्वरूपात त्रास देतो. तेव्हा हा काही दुर्मिळ विकार नव्हे. त्याबद्दल मोकळेपणाने बोलले मात्र फारच कमी जाते.

रोग नव्हे, लक्षण

कर्णनादाविषयी पहिली गोष्ट लक्षात घ्यावयास हवी ती ही की, तो स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. ताप आला म्हणजे तो हिवतापाचा, विषमज्वराचा की अन्य कशाचा याचा शोध वैद्य घेतात. कान वाजू लागला तरी तसाच शोध घ्यावा लागतो. कानात साचलेल्या मळापासून ते श्रवणतंतूवरील गाठीपर्यंत अनेक कारणांनी कान वाजू शकतो. यांपैकी काही कारणे पाच मिनिटांत दूर करता येतात, काही औषधाने अगर शस्त्रक्रियेने बरी होतात, तर काही कायमची राहतात. कारण न शोधताच 'यावर उपाय नाही' असे सांगणे जितके चुकीचे, तितकेच कारण न शोधता महिनोन् महिने गोळ्या घेत राहणेही चुकीचे होय.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. कर्णनादात शीळ, गुंजन, किरकिर, घरघर असा अर्थहीन ध्वनी ऐकू येतो. कोणीतरी बोलत आहे, आज्ञा देत आहे, असे स्पष्ट शब्द ऐकू येणे हे निराळे लक्षण असून त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो. कान वाजतो म्हणून कोणालाही वेडसर ठरविणे सर्वथा अनुचित आहे.

नाद येतो कोठून ?

बाहेरचा ध्वनी कानाच्या पडद्यावर आदळतो, मध्यकर्णातील तीन लहान हाडांच्या साखळीतून पुढे जातो आणि गोगलगायीच्या शंखासारख्या आकाराच्या अंतर्कर्णात पोहोचतो. तेथे सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी या पेशींवरील केस हलतात, त्यातून विद्युत्संदेश निर्माण होतो आणि श्रवणतंतूवाटे तो मेंदूकडे जातो. वय, मोठा आवाज, काही औषधे अथवा रोग यांमुळे या पेशी नष्ट झाल्या तर माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत.

पेशी नष्ट झाल्यावर त्या स्वराचा संदेश मेंदूकडे जाणे बंद होते किंवा क्षीण होते. रेडिओवर केंद्र नीट लागत नसले म्हणजे श्रोता आवाजाची कळ वाढवितो आणि त्यासरशी खरखरही वाढते. मेंदू जवळपास असेच करतो, असा आज अनेक शास्त्रज्ञांचा कल आहे. कमी झालेला संदेश पकडण्यासाठी तो आपली संवेदनक्षमता वाढवितो आणि त्या वाढीव अवस्थेत त्याला स्वतःच्याच यंत्रणेतील खरखर नादाच्या रूपाने जाणवते. काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेत श्रवणतंतू छेदावा लागला, तो कान पूर्ण बहिरा झाला, तरीही नाद कायम राहिल्याचे आढळून आले आहे. नादाचा उगम कानात झाला तरी त्याचे वास्तव्य मेंदूत असते, हे यावरून दिसून येते.

अमेरिकेतील हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ मध्ये एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. उत्तम ऐकू येणाऱ्या ८० व्यक्तींना त्यांनी ध्वनिरोधक खोलीत बसविले. थोड्याच वेळात त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता नाद ऐकू येऊ लागला. संपूर्ण शांततेत थोडासा नाद जाणवणे हे निरोगी माणसातही घडते, हा या प्रयोगाचा बोध होय. कर्णनादाच्या रुग्णाला शांत रात्र अधिक कठीण का जाते, याचेही उत्तर त्यात आहे.

शोधाची पहिली पायरी : रुग्णाची हकीकत

कारणांचा शोध यंत्रांपासून सुरू होत नाही. तो प्रश्नांपासून सुरू होतो. यासाठी एका कल्पित, परंतु नेहमी आढळणाऱ्या रुग्णाचे उदाहरण घेता येईल. मुलुंड येथे राहणारा सत्तेचाळीस वर्षांचा एक कामगार आठ महिन्यांपासून दोन्ही कानांत शीळ वाजत असल्याची तक्रार घेऊन येतो. कान दुखत नाही, वाहत नाही, चक्कर येत नाही. ऐकू चांगले येते, असे तो सांगतो. परंतु घरात दूरदर्शनचा आवाज फार मोठा ठेवला जातो, अशी त्याच्या पत्नीची तक्रार असते.

नाद एका कानात आहे की दोन्ही कानांत, सतत आहे की अधूनमधून, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो की एकसारखा वाजतो, हे प्रश्न तज्ज्ञ प्रथम विचारतात. त्यानंतर व्यवसायाची चौकशी होते आणि अनेकदा येथेच धागा सापडतो. हा रुग्ण वीस वर्षे पत्रा कापणाऱ्या प्रेसवर काम करीत आहे. साकीनाका आणि मरोळ येथील लहान गाळे, मुलुंड-भांडुप पट्ट्यातील अभियांत्रिकी कारखाने, पिठाच्या गिरण्या, वेल्डिंगची दुकाने, ढोलताशांची पथके, ध्वनिक्षेपकांचा व्यवसाय अशा अनेक ठिकाणी माणसे वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात वावरतात. आवाजाने होणारी हानी वेदनारहित असते. प्रारंभी काम संपल्यावर तासभर कान वाजतो आणि थांबतो. 'सवय झाली' असे समजून कामगार तिकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक ती सवय नसून हानीची पूर्वसूचना असते.

व्यवसायाखेरीज उत्सवांतील ध्वनिवर्धक, फटाके आणि भ्रमणध्वनीला जोडून तासन्‌तास कानात ठेवलेली श्रवणयंत्रणा यांचीही चौकशी करावी लागते. लोकलच्या गर्दीत बाहेरचा कोलाहल झाकण्यासाठी गाण्याचा आवाज वाढविला जातो, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. रस्त्यावरील रहदारीचा गोंगाट किंवा घाटकोपर-कुर्ला भागावरून उतरणाऱ्या विमानांचा आवाज घरात बसलेल्या माणसाच्या केशपेशी सहसा नष्ट करीत नाही. परंतु तो झोप मोडतो, मनाचा ताण वाढवितो आणि आधीच असलेला कर्णनाद अधिक असह्य करतो.

पूर्वी घेतलेली औषधे

प्रौढ रुग्णाला दुसरा महत्त्वाचा प्रश्न विचारावयाचा तो औषधांचा. १९४३ मध्ये शोध लागलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोगाच्या उपचारात क्रांती घडविली आणि असंख्य प्राण वाचविले. परंतु या वर्गातील औषधे अंतर्कर्णास अपायकारक ठरू शकतात. स्ट्रेप्टोमायसिनचा परिणाम मुख्यत्वे तोल सांभाळणाऱ्या भागावर, तर कानामायसिन व अमिकासिन यांचा परिणाम मुख्यत्वे श्रवणावर होतो. पूर्वी क्षयरोग उलटलेल्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना अशी इंजेक्शने महिनोन् महिने घ्यावी लागत. मुंबईच्या दाट वस्तीत क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने येथील रुग्णाच्या चौकशीत हा प्रश्न वगळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कानामायसिन व कॅप्रिओमायसिन ही औषधे शिफारशीतून वगळून तोंडाने घ्यावयाच्या औषधांस प्राधान्य दिले, त्यामागे श्रवणाची ही हानी हे एक कारण होते.

हिवतापावरील क्विनीन, मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, काही मूत्रल औषधे आणि कर्करोगावरील सिसप्लॅटिन यांनीही कान वाजू शकतो. ॲस्पिरिनचा परिणाम बहुधा औषध थांबताच ओसरतो. सिसप्लॅटिनचा मात्र टिकून राहू शकतो. तथापि कोणतेही औषध, विशेषतः क्षयरोगाचे, रुग्णाने स्वतःच्या मनाने बंद करू नये. कान वाजू लागल्याचे डॉक्टरांना त्वरित सांगावे आणि औषध बदलण्याचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

याबरोबरच रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय, कंठग्रंथीचे विकार, जबड्याच्या सांध्याचे व मानेचे दुखणे, पूर्वी डोक्याला झालेली इजा आणि घरातील अन्य व्यक्तींचा बहिरेपणा यांचीही विचारपूस करण्यात येते.

तपासणी आणि श्रवण-आलेख

हकीकत संपल्यावर तज्ज्ञ दुर्बिणीने कान पाहतात. साचलेला मळ, पडद्यास पडलेले छिद्र, वाहणारा कान, पडद्यामागे साठलेला द्रव ही कारणे येथेच नजरेस येतात. केवळ मळ काढल्याने कान वाजणे थांबले, अशी उदाहरणे कमी नाहीत. परंतु हे काम रुग्णालयातच व्हावयास हवे. काडी, किल्ली किंवा पिन कानात घालणे, गरम तेल ओतणे अथवा पदपथावर बसणाऱ्याकडून मळ काढून घेणे यांमुळे पडदा फाटण्याचा धोका असतो.

त्यानंतर नादकाट्याची साधी चाचणी घेतली जाते. कंप पावणारा नादकाटा कानासमोर आणि कानामागील हाडावर धरून दोष ध्वनिवहनाच्या मार्गात आहे की अंतर्कर्णात, याचा अंदाज बांधता येतो. मध्यकर्णातील हाड घट्ट बसण्याच्या विकारात हा मार्ग अडतो आणि अशा रुग्णास शस्त्रक्रियेचा लाभ होऊ शकतो.

या शोधातील सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे श्रवणमापन होय. बंद खोलीत रुग्णास २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवून प्रत्येक स्वर किती डेसिबलला ऐकू येतो, याचा आलेख काढतात. चाचणी वेदनारहित असून सुमारे अर्ध्या तासात पुरी होते. आवाजाने हानी झालेल्या माणसाच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या सुमारास खाच पडलेली दिसते. उदाहरणातील कामगाराच्या दोन्ही कानांच्या आलेखात अशीच खाच आढळते. बोलण्यातील बहुतेक स्वर त्याहून खालच्या पट्टीत असल्यामुळे 'मला चांगले ऐकू येते' हे त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु स, श, फ यांसारखी वरच्या पट्टीतील व्यंजने पुसट झालेली असतात. म्हणूनच गर्दीत त्याला बोलणे समजत नाही आणि घरात दूरदर्शनचा आवाज मोठा होतो. वाढत्या वयाने येणाऱ्या बहिरेपणात आलेख वरच्या पट्टीकडे क्रमाने उतरत जातो. चाळिशी-पन्नाशीत ही दोन्ही कारणे एकत्रही आढळतात.

आवश्यकतेनुसार मध्यकर्णाच्या दाबाची आणि श्रवणतंतूच्या प्रतिसादाची चाचणी तसेच रक्ततपासणी करण्यात येते. मेंदूच्या चुंबकीय प्रतिमेची खर्चिक तपासणी सरसकट प्रत्येकास लागत नाही. नाद दोन्ही कानांत सारखा असेल, दोन्ही कानांचे श्रवण समान असेल आणि अन्य लक्षणे नसतील, तर ती बहुधा अनावश्यक ठरते.

विलंब न लावण्याची लक्षणे

काही लक्षणे मात्र तातडीची समजावीत. एकाच कानात सतत नाद असेल आणि त्या कानाने कमी ऐकू येत असेल, तर श्रवणतंतूवर गाठ नाही ना, हे पाहावे लागते. अशा गाठी क्वचितच आढळतात व सहसा कर्करोगाच्या नसतात, परंतु त्या वेळेवर सापडणे आवश्यक असते. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा नाद रक्तवाहिन्यांच्या तपासणीची गरज दर्शवितो. चक्कर, कानात दडे बसणे आणि कमीअधिक होणारे श्रवण यांच्यासह येणारा नाद मेनिएरच्या विकाराचा असू शकतो. फ्रेंच वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये त्याचे वर्णन केले. एखाद्या सकाळी अचानक एका कानाने ऐकू येणे बंद झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर श्रवण परत येण्याची शक्यता अधिक असते. चेहऱ्याचा एक भाग लुळा पडणे किंवा रुग्णाच्या मनात जीवन नकोसे झाल्याचे विचार येणे, हीदेखील त्वरित मदतीची लक्षणे होत.

उपचार

मूळ कारण दूर होण्याजोगे असेल तर नादही बहुधा कमी होतो. केशपेशी नष्ट झाल्या असतील तर त्या परत आणणारे किंवा नाद हमखास थांबविणारे औषध आज उपलब्ध नाही. खात्रीचा इलाज म्हणून जाहिरात होणारे थेंब आणि गोळ्या यांवर पैसा घालविण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

परंतु औषध नाही म्हणजे उपाय नाही, असे नव्हे. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राचा दुहेरी लाभ होतो. बोलणे स्पष्ट होते आणि बाहेरचे ध्वनी पुन्हा मेंदूकडे पोहोचू लागल्याने नाद मागे पडतो. रात्री पूर्ण शांतता न ठेवता पंखा अथवा मंद संगीत चालू ठेवल्यास नादाची तीव्रता कमी भासते. नादाविषयीची भीती आणि नैराश्य दूर करणाऱ्या मानसोपचाराने नाद पूर्ण गेला नाही तरी त्याचा जाच कमी होतो, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. हा नाद मेंदूच्या घातक रोगाचा नाही, हे तपासणीअंती समजावून सांगितल्यानेच कित्येक रुग्णांना दिलासा मिळतो. रोज ऐकू येणाऱ्या घड्याळाच्या टिकटिकीकडे मन जसे पुढे लक्ष देत नाही, तशीच सवय या नादाचीही बहुतेकांना कालांतराने होते.

उपनगरांतील रुग्णांना विलेपार्ल्याचे कूपर आणि घाटकोपरचे राजावाडी या महानगरपालिकेच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागाचा सल्ला घेता येतो. वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणचाचणी व श्रवणयंत्र यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. शहरातील नायर रुग्णालयात १९६६ च्या सुमारास श्रवण व वाचाउपचाराचे शिक्षण सुरू झाले. या विषयाच्या देशातील अगदी प्रारंभीच्या अभ्यासक्रमांत त्याची गणना होते.

कायदा आणि प्रतिबंध

आवाजाने आलेला बहिरेपणा हा सूचनीय व्यवसायरोग असल्याची नोंद १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या अनुसूचीत होती आणि व्यावसायिक सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेतही ती आहे. कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा ठरविण्यात आली आणि दर ५ डेसिबल वाढीमागे कामाचा अवधी निम्मा धरण्यात आला. ९५ डेसिबलला चार तास, १०० डेसिबलला दोन तास असा हा हिशेब आहे. कामगार विमा कायद्यानुसार हा बहिरेपणा भरपाईस पात्र होता. तथापि देशात अशी पहिली भरपाई मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. कामावर रुजू होताना आणि नंतर दरवर्षी श्रवण-आलेख काढला जात नसेल, तर हानी कोठे झाली हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते. शिवाय नुसत्या कर्णनादाची गणना अपंगत्वात होत नाही. ऐकू येते आहे परंतु रात्रभर झोप नाही, अशा कामगाराच्या हाती त्यामुळे कोणताच कागद राहत नाही. वार्षिक श्रवणचाचणी आणि कर्णरक्षकांचा वापर यांचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

सार्वजनिक गोंगाटाविरुद्धच्या प्रयत्नांत मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल करून या प्रश्नास तोंड फोडले. पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालून दिली. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या परिसरास शांतता क्षेत्राची तरतूद झाली.

हा प्रश्न महानगरापुरता मर्यादित नाही. उपनगरांतील कारखान्यांत आयुष्य घालवून कोकणात अथवा घाटावर आपल्या गावी परतणारा कामगार हा नाद बरोबर घेऊन येतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग, गावोगावच्या पिठाच्या गिरण्या आणि मिरवणुकांतील भिंतीएवढे ध्वनिक्षेपक हीच हानी तेथेही करीत आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना कानाच्या निगेची माहिती द्यावी आणि मागील बाकावरून वारंवार 'काय ?' असे विचारणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी करवून घ्यावी. पंचायत सदस्यांनी उत्सवांतील ध्वनिमर्यादा पाळली जाते की नाही, हे पाहावे. कामगार व आरोग्य खात्यांच्या अधिकाऱ्यांनी लहान गाळ्यांतील कामगारांपर्यंत श्रवणचाचणी पोहोचविण्याकडे लक्ष पुरवावे.

उदाहरणातील कामगारास अखेरीस कारण समजते, पुढील हानी टाळण्यासाठी कर्णरक्षक मिळतो, श्रवणयंत्राचा सल्ला मिळतो आणि झोपेची घडी पुन्हा बसू लागते. त्याचा नाद पूर्ण थांबेलच असे नाही. परंतु वीस वर्षांपूर्वी त्याच्या कानाचा आलेख एकदा जरी काढला गेला असता, तर ही वेळ कदाचित आली नसती. आज विशीत असलेल्या आणि तशाच यंत्रांवर उभ्या असलेल्या तरुणांच्या बाबतीत ही संधी अद्याप हातची गेलेली नाही.